‘दो आँखे बारह हाथ’ : स्वतंत्रपूरचा प्रयोग आणि बालन्यायाच्या अध्यापनातील मूल्यविचार

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ध्येय, दृष्टी आणि मूल्ये छापण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. नॅकच्या मूल्यांकनप्रक्रियेमुळे या पद्धतीला नियमितपणा आला, परंतु तिच्यातील शब्दावली मात्र बऱ्याच अंशी ठरावीक झाली. विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास, सामाजिक बांधिलकी, संवेदनशील नागरिकांची जडणघडण अशी विधाने एका पुस्तिकेतून उचलून दुसऱ्या पुस्तिकेत ठेवली तरी सहसा कोणाच्या ध्यानात येणार नाही. विधी, समाजकार्य, समाजशास्त्र वा मानसशास्त्र या विषयांच्या अंगाने जेथे बालन्याय शिकविला जातो, तेथे हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही. कारण कायद्याच्या कक्षेत आलेल्या मुलाकडे समाजाने कोणत्या नजरेने पाहावे, हाच या विषयाचा गाभा आहे. अध्यापक जी नजर शिकवितो ती पुढे परिवीक्षा अधिकाऱ्याची, बाल न्याय मंडळाच्या सदस्याची, पोलिसाची, शिक्षकाची आणि शेजाऱ्याची नजर होते.

‘नजर’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर वापरला आहे. अपराधी माणसाच्या सुधारणेविषयी भारतीय प्रेक्षकांच्या मनात जी एक प्रतिमा सर्वांत खोल रुजली आहे, ती डोळ्यांचीच आहे. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाने ती निर्माण केली. चित्रपट हिंदी असला तरी त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिचे मूळ खटाव-आटपाडीच्या परिसरात, म्हणजे जुन्या औंध संस्थानच्या मुलखात आहे. वडूजसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे औंध परके नाही, ते त्याच्याच तालुक्यात आहे. त्यामुळे या चित्रपटाचे आणि त्यामागील प्रत्यक्ष प्रयोगाचे एकत्रित वाचन बालन्यायाच्या अध्यापनाला उपकारक ठरू शकते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे :

१) स्वतंत्रपूरचा प्रत्यक्ष प्रयोग आणि त्यावर आधारलेली चित्रकृती यांतील अंतर तपासणे.

२) चित्रपटाने मांडलेल्या सुधारणाविचाराचे सामर्थ्य व मर्यादा बालन्यायाच्या तत्त्वांच्या आधारे स्पष्ट करणे.

३) बालन्याय शिकविणाऱ्या महाविद्यालयाने स्वीकारावयाच्या मूल्यांची दिशा सुचविणे.

औंध संस्थान आणि स्वतंत्रपूर :

औंध हे दक्षिण महाराष्ट्रातील एक छोटे संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी असे त्याचे भाग सातारा व आसपासच्या ब्रिटिश अंमलाखालील गावांमध्ये विखुरलेले होते. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे १९०९पासून संस्थानच्या विलीनीकरणापर्यंत गादीवर होते. चित्रकला, कीर्तन आणि सूर्यनमस्काराचा प्रसार यांसाठी त्यांचे नाव महाराष्ट्रात परिचित आहे. तथापि त्यांचे सर्वांत दूरगामी कार्य राजकीय स्वरूपाचे होते. १९३८च्या अखेरीस त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा मनोदय जाहीर केला आणि जानेवारी १९३९मध्ये औंधची नवी राज्यघटना अस्तित्वात आली. या घटनेच्या घडणीत महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. गावपंचायत हा या घटनेचा पाया होता. इंदिरा रोदरमुंड यांनी आपल्या ग्रंथात या सर्व घडामोडीला ‘औंधचा प्रयोग’ असेच म्हटले आहे.

स्वतंत्रपूर हे या प्रयोगाचेच एक अंग होय. आटपाडीजवळच्या माळरानावर, कमी पावसाच्या माणदेशी मुलखात, गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या कैद्यांची एक वसाहत फ्रिडमन यांच्या पुढाकाराने वसविण्यात आली. तिला तट नव्हता. कैद्यांनी जमीन कसावी, स्वतःच्या श्रमावर जगावे आणि कुटुंबासह राहावे, अशी तिची मांडणी होती. ‘स्वतंत्रपूर’ हे नावच पुरेसे बोलके आहे. बंदिवानांच्या वस्तीला स्वातंत्र्याचे नाव देणे ही त्या काळाच्या कारागृहविचाराला दिलेली उघड बगल होती.

या प्रयोगाचे एक वैशिष्ट्य नीट ध्यानात घ्यावे लागते. तो एकट्या सज्जन अधिकाऱ्याचा उपक्रम नव्हता. ज्या राज्यात राजा स्वतःचा अधिकार घटनेने मर्यादित करीत होता आणि गावाला कारभारात वाटा मिळत होता, त्याच राज्यात कैद्यावर विश्वास ठेवला जात होता. सत्तेचे विकेंद्रीकरण आणि कैद्याची मुक्तता या दोन्ही गोष्टींमागे एकच धारणा होती, ती म्हणजे माणसाला जबाबदारी दिल्याखेरीज तो जबाबदार होत नाही. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले, १९५१मध्ये भवानरावांचे निधन झाले, फ्रिडमन यांचे आयुष्य पुढे अन्य कार्यात गेले आणि मुंबईत त्यांचा अंत झाला. वसाहत मात्र टिकली. आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून सांगली जिल्ह्यात अस्तित्वात आहे. प्रवर्तक गेल्यावरही प्रयोग उरला, ही वस्तुस्थिती चित्रपटाच्या समीक्षेसाठी कळीची आहे.

चित्रपटाची रचना आणि तिचे सामर्थ्य :

ग. दि. माडगूळकर हे याच मातीतले. त्यांचा जन्म १९१९मध्ये शेटफळे येथे झाला, शालेय शिक्षणाचा काही काळ औंध येथे गेला. संस्थानातील हा प्रयोग त्यांना ऐकीव बातमीसारखा दूरचा नव्हता. राजकमल कलामंदिराच्या या चित्रपटात त्यांनी त्याला एका आटोपशीर कथेचे रूप दिले. आदिनाथ नावाचा तरुण तुरुंगाधिकारी खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना मागून घेतो, एका ओसाड शेतावर नेतो आणि त्यांच्याकडून ती जमीन फुलवितो. खेळणी विकणारी चंपा या पुरुषी, राकट जगात हास्य आणि ममता घेऊन येते. पिकविलेली भाजी वाजवी दराने बाजारात येते, तेव्हा व्यापाऱ्याचे हितसंबंध दुखावतात. शेवटी मोकाट सोडलेल्या बैलाशी झुंजताना आदिनाथाचा मृत्यू होतो. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शनाबरोबरच आदिनाथाची भूमिकाही केली. वसंत देसाई यांच्या संगीतातील या चित्रपटाची प्रार्थना पुढे असंख्य शाळांच्या परिपाठात गेली. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८च्या बर्लिन महोत्सवात त्याचा गौरव झाला.

चित्रपटाचे सामर्थ्य कोठे आहे, हे आधी निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे, शिक्षा आणि सूड यांची फारकत तो अत्यंत साध्या रीतीने करतो. कैद्याने काय केले याचे रसभरित चित्रण न करता तो काय करू शकतो, याकडे चित्रपट लक्ष वेधतो. शीर्षकातील बारा हात हे मुळात खून केलेले हात आहेत. तेच हात नांगर धरतात, वाफे काढतात, भाजी विकतात. हाताचे कर्म बदलले की माणूस बदलतो, हा विचार कोणत्याही भाषणापेक्षा प्रभावीपणे दृश्यातून पोहोचतो.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे आणि तिच्याकडे समीक्षकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. चित्रपटाच्या उत्तरार्धात संघर्षाचे केंद्र कैद्यांच्या मनातून बाजारात सरकते. कैदी सुधारले, श्रम करू लागले, प्रामाणिक दराने माल विकू लागले. तरी समाज त्यांना जागा देत नाही. प्रामाणिकपणाने ज्यांचा नफा बुडतो, त्यांना कैद्याची सुधारणा नकोच असते. म्हणजे सुधारणेला मुख्य अडसर अपराध्याच्या स्वभावाचा नसून बाहेरच्या व्यवहाराचा आहे. बालन्यायाच्या परिभाषेत ज्याला पुनर्वसन व सामाजिक पुनर्मीलन म्हणतात, त्याची खरी कसोटी संस्थेच्या दाराबाहेरच लागते. विशेषगृहातून सुतारकाम शिकून आलेल्या मुलाला गावात कोणी काम देतो का, शाळा त्याला पुन्हा बाकावर बसू देते का, या प्रश्नांची नांदी चित्रपटातील बाजाराच्या प्रसंगांत आहे.

दोन डोळ्यांचा प्रश्न :

मात्र चित्रपटाचे शीर्षकच त्याची मर्यादाही सांगते. बारा हातांवर दोन डोळ्यांची सत्ता आहे. कैदी पळून जाऊ पाहतात तेव्हा त्यांना रोखणारी शक्ती म्हणजे आदिनाथाचे डोळे. भिंत नाही, बेडी नाही, परंतु नजर आहे. आणि ती भिंतीहून अधिक पक्की आहे. आदिनाथ प्रेमळ आहे, निःस्वार्थी आहे, प्राण देण्यास सिद्ध आहे, हे सर्व खरे. पण या व्यवस्थेत कैद्याला स्वतःचा आवाज किती? काय पेरावे, कसे विकावे, चुकल्यास काय व्हावे, याचा निर्णय एकाच व्यक्तीच्या विवेकावर अवलंबून आहे. सहा प्रौढ माणसे एका पित्यासमोर लहान मुलांसारखी उभी केली आहेत. त्यांची सुधारणा ही त्या पित्याच्या कृपेची फलश्रुती ठरते.

येथे मूळ प्रयोग आणि चित्रकृती यांच्यातील अंतर उघड होते. स्वतंत्रपुरात कैद्यामागे कुटुंब होते, जमीन होती, आणि त्या सर्वांमागे संस्थानची मान्य व्यवस्था होती. चित्रपटाने यांतील व्यवस्था बाजूला ठेवून व्यक्ती उचलली. नाट्याच्या दृष्टीने ते अपरिहार्य असेलही, कारण राज्यघटनेवर चित्रपट काढणे अवघड आणि बलिदानावर काढणे सोपे असते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, प्रेक्षकाच्या मनात उरते ती एका महात्म्याची प्रतिमा. पडद्यावर नायक मरतो आणि त्याचे डोळे उरतात. प्रत्यक्षात नायक गेले आणि नियम उरला. चित्रपटाच्या भावनिक विजयापेक्षा वास्तवातला हा कोरडा विजय बालन्यायाच्या अभ्यासकासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

याच परिसरातील दुसरी एक कलाकृती येथे तुलनेसाठी घेता येते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत औंध संस्थानचाच एक तरुण शिक्षक धनगरांच्या वाडीत येतो. त्याच्याजवळ अधिकार आहे तो तोकडा. शाळा चालवायची तर त्याला वाडीचे ऐकावे लागते, कारभाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो, कोण का येत नाही हे समजून घ्यावे लागते. तेथे नजर एकतर्फी नाही. मास्तर वाडीकडे पाहतो आणि वाडीही मास्तरकडे पाहते. दोन भावांच्या या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे सुधारक आणि सोबती या दोन भूमिकांतील भेद विद्यार्थ्याला सहज उमगतो. बालन्यायाच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला दुसऱ्या भूमिकेची गरज अधिक आहे.

करुणेकडून हक्काकडे :

बालन्यायाचा इतिहास हा एका अर्थाने याच दोन डोळ्यांच्या अपुरेपणाचा इतिहास आहे. १८९९मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात पहिले स्वतंत्र बालन्यायालय सुरू झाले, तेव्हा त्यामागे पालकराज्याची कल्पना होती. मूल चुकले तर राज्याने त्याच्याशी कठोर न्यायाधीशाप्रमाणे नव्हे, तर प्रेमळ पित्याप्रमाणे वागावे, असा तो विचार. पित्यापुढे मुलाला वकील कशाला, पुरावा कशाला, अपील कशाला, असा त्याचा ओघानेच येणारा निष्कर्ष होता. १९६४मध्ये ॲरिझोना राज्यातील पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्ट या मुलावर अश्लील दूरध्वनी केल्याचा आरोप आला. प्रौढ व्यक्तीला ज्या अपराधासाठी किरकोळ दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती, त्यासाठी त्याला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत पाठविण्यात आले. १९६७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द ठरविला आणि आरोपाची सूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी हे मुलाचेही हक्क आहेत, असे स्पष्ट केले. चांगल्या हेतूला प्रक्रियेचा लगाम नसेल तर तो जाचक होतो, हा या निकालाचा धडा होय.

भारतीय अनुभव याहून वेगळा नाही. उलट तो अधिक कटू आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने विशिष्ट जमातींत जन्मलेल्या मुलाला जन्मतःच संशयित ठरविले. १९२४च्या सुधारित कायद्यात अशा मुलांना आईवडिलांपासून तोडून औद्योगिक वा सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद होती आणि तिचे समर्थनही मुलाच्या कल्याणाच्या भाषेत केले जात असे. हा कायदा ऑगस्ट १९५२मध्ये रद्द झाला. सातारा-सांगली परिसरातील भटक्या-विमुक्त समाजांच्या स्मृतीत त्याचे व्रण आजही आहेत. ‘तुझ्या भल्यासाठी’ या शब्दांनी मुलावर किती अन्याय होऊ शकतो, याचे याहून जवळचे उदाहरण महाविद्यालयीन विद्यार्थ्यापुढे ठेवता येणार नाही.

मुंबई इलाख्यात १९२४मध्ये आणि पुन्हा १९४८मध्ये बालकांविषयीचे कायदे झाले. तरीही मुले प्रौढांच्या तुरुंगात राहत होती. पत्रकार शीला बारसे यांनी या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये, अशी निःसंदिग्ध भूमिका घेतली. त्याच वर्षी देशासाठी समान असा बाल न्याय अधिनियम संमत झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत अल्पवयीन मानली जात असे. १९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने १९९२मध्ये मान्यता दिली आणि २०००च्या अधिनियमाने दोघांसाठीही अठरा वर्षांची मर्यादा निश्चित केली. ‘बालगुन्हेगार’ या शब्दाऐवजी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा रूढ झाली. संज्ञा अवघड आहे, परंतु ती दोष मुलाच्या स्वभावात न ठेवता त्याच्या व कायद्याच्या संबंधात ठेवते. हा बदल मूल्यात्मक आहे.

विद्यमान २०१५च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात सोळा मूलभूत तत्त्वे दिली आहेत. निर्दोषत्वाचे गृहीतक, प्रतिष्ठा, मुलाचा सहभाग, त्याचे सर्वोत्तम हित, खाजगीपणा, लांच्छनास्पद शब्दांचा त्याग, संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आणि नव्याने सुरुवात करण्याची संधी ही त्यांपैकी काही होत. या यादीत ‘करुणा’ हा शब्द केंद्रस्थानी नाही, हे अर्थपूर्ण आहे. करुणा देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. हक्क मागणाऱ्याच्या हाती असतो.

कसोटीचा क्षण :

मूल्यांची परीक्षा सोप्या प्रकरणांत होत नाही. भाकरी चोरणाऱ्या मुलाविषयी कोणालाही कळवळा येतो. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेनंतर जो लोकक्षोभ उसळला, त्यातून २०१५च्या अधिनियमातील पंधरावे कलम आले. त्यानुसार सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या अपराधाचा आरोप असल्यास, त्याची शारीरिक-मानसिक क्षमता व परिणामांची जाण यांचे प्राथमिक मूल्यमापन करून मंडळ त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी पाठवू शकते. हे मूल्यमापन अत्यंत नाजूक काम असून ते ढोबळपणे उरकता येणार नाही, अशी जाणीव सर्वोच्च न्यायालयाने २०२२मधील एका निकालात करून दिली आहे.

मे २०२४मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि त्यातील तीनशे शब्दांच्या निबंधाची अट राज्यभर संतापाचा विषय झाली. त्यानंतर त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामिनानंतरची ही स्थानबद्धता बेकायदा ठरविली. या प्रकरणात लोकांचा संताप निराधार होता असे म्हणता येत नाही. पैसा व प्रतिष्ठा यांच्यापुढे कायदा मऊ होतो, हा अनुभव त्यामागे होता. तथापि त्या संतापाचे रूपांतर ‘अल्पवयीनांना संरक्षणच नको’ अशा मागणीत झाले, तेव्हा त्याची झळ ज्यांना वकील परवडत नाही अशा मुलांनाही लागणार होती. श्रीमंताच्या मुलाला मिळालेले संरक्षण चुकीचे नसून गरिबाच्या मुलाला ते न मिळणे चुकीचे आहे, हा विवेक वर्गात शिकवावा लागतो. तो आपोआप येत नाही. चित्रपटातील दोन डोळे अशा क्षणी साहाय्याला येत नाहीत, कारण लोकक्षोभात सर्वप्रथम नजरच बदलते. त्या वेळी मुलाला तारतो तो नियम.

महाविद्यालयाचे ध्येय व मूल्ये :

सातारा परिसराला ध्येयवाक्य आचरणात कसे आणावे, हे बाहेरून शिकण्याची आवश्यकता नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. विविध जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद आधी छापले गेले नाही. ते आधी चुलीपाशी आणि शेतात आचरले गेले. मूल्य हे दिनक्रमात दिसले पाहिजे, हा त्या परंपरेचा दंडक आहे. बालन्याय शिकविणाऱ्या महाविद्यालयाला तो लावल्यास पुढील गोष्टी संभवतात.

पहिली बाब भाषेची. वर्गात, प्रश्नपत्रिकेत व प्रकल्प-अहवालात ‘बालगुन्हेगार’, ‘बिघडलेली मुले’ असे शब्दप्रयोग होत असतील, तर कायद्यातील लांच्छनास्पद शब्दांच्या त्यागाचे तत्त्व त्या महाविद्यालयात पोहोचलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

दुसरी बाब खाजगीपणाची. क्षेत्रभेटीच्या निमित्ताने निरीक्षणगृहातील मुलांची छायाचित्रे काढणे, त्यांच्या ‘कहाण्या’ गोळा करून नावानिशी अहवालात छापणे हे केवळ अनुचित नसून अधिनियमाच्या चौऱ्याहत्तराव्या कलमाला बाधा आणणारे आहे. मुलाची ओळख ही अभ्यासाची सामग्री नव्हे. विद्यार्थ्याला कैद्यांच्या जगण्याचा संदर्भ हवा असेल, तर स्वतंत्रपूरचा इतिहास आणि तो परिसर त्याच्या आवाक्यात आहे.

तिसरी बाब प्रक्रियेच्या आदराची. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात आणि त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. म्हणजे कायद्याने न्यायदानाच्या आसनावर समाजाला बसविले आहे. उद्या त्या आसनावर बसणारी व्यक्ती आज कोठल्यातरी महाविद्यालयात शिकत आहे. तिला कलमे पाठ असणे पुरेसे नाही. मुलाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय तिला लागली पाहिजे.

चौथी बाब सर्वांत अडचणीची आहे. महाविद्यालयाचे प्रवेशधोरण आणि शिस्तपालन या मूल्यांशी सुसंगत आहे का? विधिसंघर्षातून गेलेला एखादा तरुण प्रवेशासाठी आला तर त्याच्या पूर्वेतिहासाची चौकशी न करता त्याला सामावून घेण्याची तयारी त्या संस्थेत आहे का? कायदा अशा निकालामुळे येणारी अपात्रता दूर करतो. परंतु कार्यालयाच्या खिडकीवरील एका प्रश्नाने ती परत येऊ शकते. स्वतःच्या आवारात विद्यार्थ्याचे म्हणणे न ऐकता त्याला निलंबित करणारे महाविद्यालय बालन्याय शिकवू शकेल, परंतु रुजवू शकणार नाही.

निष्कर्ष :

१) ‘दो आँखे बारह हाथ’ ही अपराध्यावरील विश्वासाची समर्थ चित्रकृती असून सुधारणेतील मुख्य अडथळा समाजाच्या व्यवहारात आहे, हे तिचे आकलन आजही ग्राह्य आहे.

२) मूळ प्रयोगातील कुटुंब, जमीन व संस्थात्मक मान्यता यांच्या जागी चित्रपटाने एका व्यक्तीची नैतिक नजर ठेवली. त्यामुळे सुधारणा ही हक्काऐवजी कृपेची बाब ठरते.

३) बालन्यायाचा देशी व विदेशी इतिहास असे दर्शवितो की, प्रक्रियेच्या संरक्षणाशिवाय असलेली करुणा मुलाच्या हिताची हमी देऊ शकत नाही. लोकक्षोभाच्या काळात हे विशेषत्वाने प्रत्ययास येते.

४) बालन्याय शिकविणाऱ्या महाविद्यालयाची मूल्ये भाषा, खाजगीपणा, प्रक्रियेचा आदर आणि प्रवेशधोरण या चार ठिकाणी तपासता येण्याजोगी असावीत.

सारांश, हा चित्रपट वर्गात अवश्य दाखवावा. मात्र त्याबरोबर स्वतंत्रपूरचा इतिहास आणि अधिनियमाचे तिसरे कलमही ठेवावे. दो आँखे विद्यार्थ्याला माणूस पाहायला शिकवतील, आणि नजर फिरली तरी मुलाच्या पाठीशी काय उभे राहते, हे त्याला कायदा शिकवील. मूल्यशिक्षणाला या दोहोंची गरज आहे. परंतु त्यांत निवड करण्याची वेळ आलीच, तर महाविद्यालयाने नियमाच्या बाजूने उभे राहावे, असेच आटपाडीच्या माळावर टिकून राहिलेली ती वसाहत सांगते.